नमुनासाहेब वस्ती बघतात

माणूस घर बघायला जातो तेव्हा आधी नळ सोडून बघतो, मग भिंतीवर टिचकी मारतो आणि शेवटी गंभीर चेहरा करून खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर जे दिसतं त्यातच आपल्याला पुढची कित्येक वर्षं काढायची आहेत, हे त्या घडीला त्याच्या डोक्यात येत नाही. नमुनासाहेबांच्याही मागच्या खेपेला आलं नव्हतं, आणि त्याची फळं ते भोगत होते.

नमुनासाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते रंगाच्या कारखान्यात होते. नवा रंग तयार झाला की त्याचा पट्टा भिंतीवर ओढायचा, तो सकाळच्या उन्हात, भर दुपारी आणि संध्याकाळी दिव्याखाली कसा दिसतो ते बघायचं, आणि मान हलवायची किंवा हलवायची नाही, हे त्यांचं काम. "नमुना बघितल्याशिवाय मी मत देत नाही," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की ऑफिसने त्यांना ते नावच देऊन टाकलं. नमुना या शब्दाचा आपल्याकडे आणखीही एक वापर आहे, पण तो ऑफिसातल्या मंडळींच्या मनात असेल अशी शंका साहेबांना कधी आली नाही. आपणही कशाला काढा!

तर असा हा माणूस. फिक्या पिवळ्या रंगाच्या एका पट्ट्यापुढे आठवडाभर उभा राहणारा. आणि राहतं घर मात्र त्याने सुट्टीच्या दिवशी दुपारी, चहा निवायच्या आत पसंत केलं होतं. "काय शांतता आहे हो!" असं म्हणून त्याने तिथल्या तिथे होकार दिला. पुढे कळलं की ती शांतता दुपारची नव्हती, कायमची होती. त्या इमारतीत लोक लिफ्टमध्ये शिरले की मजल्यांच्या आकड्यांकडे असे टक लावून बघत की जणू आज एखादा नवा आकडा लागणार आहे. समोरच्या दारातल्या गृहस्थांना साहेबांनी रोज सकाळी नमस्कार करून पाहिला. शेवटी त्या गृहस्थांनी ऑफिसला निघायची वेळ बदलली.

साहेबांना त्याचं विशेष वाटत नसे, कारण दिवसभर त्यांना कारखान्यात माणसं मिळत. प्रश्न बायकोचा होता. ती घरी बसून काम करायची. निरनिराळ्या कंपन्यांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून द्यायचं. "दिवसभर कानात माणसं भांडत असतात," ती म्हणायची, "पण माझ्याशी कुणी भांडेल तर शपथ." साहेब यावर हसायचे. आपल्या बायकोला विनोद चांगला करता येतो याचा त्यांना अभिमान होता.

मग साहेब कारखान्याच्या कामासाठी बाहेरगावी गेले आणि इकडे बाथरूममध्ये तिचा पाय मुरगळला. पाऊल असं सुजलं की दारापर्यंत जाता येईना, आणि फोन नेमका बंद पडलेला. दोन दिवस ती पलंगावर बसून होती. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या तशाच पडून होत्या. समोरचे गृहस्थ जाता-येता त्या पिशव्यांवरून पाय उचलून गेले. तिला बुटांचा आवाज ऐकू येत होता. आवाज पिशव्यांपाशी यायचा, जरासा थांबायचा आणि पुढे जायचा. साहेब परत आले तेव्हा तिने रडारड केली नाही, तक्रार केली नाही. फक्त म्हणाली, "दूध नासलं." त्या दिवशी मात्र साहेबांना हसू आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालकाने महिनाअखेर जागा रिकामी करून मागितली. साहेबांना वाटलं, चला, सुटलो. बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "टाइल्स, कपाटं, नळ यांतलं मला काही नको. मी दोन दिवस दिसले नाही तर कुणीतरी येऊन दार वाजवेल, अशा वस्तीत घर बघा. तुमचा काय तो नमुना घ्यायचा तो घ्या. महिनाअखेरपर्यंत मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर मी भावाकडे राहायला जाईन, आणि तुम्ही बसा एकटे पट्टे ओढत. आणि गंमत करत नाहीये मी."

ती गंमत करत नव्हती हे साहेबांना तिच्या आवाजावरून कळलं.

आता शहर म्हटलं तर मोठ्या शहराला चिकटून वाढलेलं, म्हणजे वस्त्यांना तोटा नाही. तोटा नव्हता तो सल्ल्यांनाही. मेहुणे म्हणाले, "दाजी, बसस्टॉप जवळ बघा, बाकी सगळं झूट आहे." शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस म्हणाले, "गटारं बघा. ज्या वस्तीची गटारं वाहती, तिथली माणसं सरळ." याला आधार काय, ते त्यांनी सांगितलं नाही. जागांचा एजंट तर साहेबांची अट ऐकून खुर्चीतून पुढे सरकला. "दार वाजवणारे शेजारी?" तो म्हणाला. "साहेब, लोक माझ्याकडे येतात ते दार न वाजवणारे शेजारी मागायला! तुम्ही एक काम करा, टाइल्स बघा. इटालियन आहेत." साहेबांनी टाइल्स बघितल्या नाहीत. त्यांनी पद्धतशीर नमुना घ्यायचं ठरवलं.

पहिल्या वस्तीत ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि एखादा पट्टा बघावा तशी एकेक गॅलरी निरखू लागले. कुठे झाडं आहेत, कुठे कपडे वाळताहेत, कोणाच्या खिडकीला पडदा नाही. थोड्या वेळाने एकेक खिडकी बंद व्हायला लागली. एका गॅलरीतले गृहस्थ आत गेले ते पाना आणि हातोडी घेऊनच बाहेर आले, आणि घाईघाईने गॅलरीवरचं पत्र्याचं छप्पर उतरवू लागले. साहेब कुतूहलाने बघत राहिले. ते जितके बघत, तितका तो गृहस्थ जोरात ठोके घाली. शेवटी वॉचमन धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, दुसऱ्या मजल्यावरचे पण उतरवतायत, पण त्यांना संध्याकाळपर्यंत मुदत द्या." नगरपालिकेचा माणूस बेकायदा गॅलऱ्या मोजायला आलाय अशी बोंब उठली होती. साहेबांनी "मी नुसता राहायला जागा बघतोय" असं सांगितलं, तेव्हा तो अर्धं छप्पर उतरवलेला गृहस्थ जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती वस्ती साहेबांनी बाद केली. खरं म्हणजे त्या वस्तीने साहेबांना बाद केलं, पण त्यांच्या मानापमानाचा विचार करता आपण पहिलंच म्हणू.

दुसऱ्या वस्तीत ते घरचे कपडे आणि चपला घालून गेले. तिथे फाटकावरच अडवलं. "कुणाकडे?" आता कुणाकडे म्हणून सांगायचं? "सगळ्यांकडेच," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. मात्र तिथे फाटकाबाहेर उभं असताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि कारखान्यात इतकी वर्षं घालवून त्यांच्या हाती इतका मोठा शोध कधी लागला नव्हता. वॉचमन पाहुण्यांना अडवत होता, कुरिअरवाल्याला अडवत होता, अगदी पाचव्या मजल्यावरच्या जावयालाही अडवत होता. पण हातात कचऱ्याची पिशवी घेतलेल्या माणसाला तो काही विचारत नव्हता. विचारायचंय काय? जो माणूस कचरा टाकायला आलाय तो तिथलाच असणार. आपल्या घरचा कचरा घेऊन दुसऱ्या वस्तीत कोण जाईल?

नमुनासाहेब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातली पिशवी उचलली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, खाली डबा आहे." ते म्हणाले, "मला थोडं लांब जायचंय." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायका अशा वेळी पुढे विचारत नाहीत. कारखान्याची पाळी दुपारची होती, म्हणजे सकाळ मोकळी होती. साहेब पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरने पिशवीकडे बघितलं, वास घेतला, साहेबांकडे बघितलं.

"सामानाचं तिकीट लागेल का?" साहेबांनी विचारलं.

"सामानाचं लागतं," कंडक्टर म्हणाला. "याला काय म्हणायचं ते मला वरिष्ठांना विचारावं लागेल."

आणि काय सांगावं, युक्ती फत्ते झाली! पिशवी हातात असली की साहेबांना कुठलंही फाटक उघडं होतं. ते सावकाश चालत, थांबत, इकडे-तिकडे बघत. कचरा टाकायला निघालेला माणूस रेंगाळला तर कुणाला काही वाटत नाही, उलट सगळ्यांना तो आपल्यातलाच वाटतो. साहेबांना या कामाची गोडी लागली. कोणत्या वस्तीत फाटक उघडं राहिलं तर मागून येणारा लावून घेतो, कुठे दुकानाबाहेरचं बाकडं झिजलेलं आहे, कुठल्या गल्लीतल्या कुत्र्याला नाव आहे आणि कुठल्याला नुसतंच "हाड" आहे, हे सगळं त्यांना आता दिसायला लागलं. एका वस्तीत सगळे हसून "काय, कसं काय?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचे. तिथे साहेबांनी मुद्दाम "पाय मोडलाय" असं सांगून पाहिलं. "वा, छान छान," असं उत्तर आलं. ती बाद.

असं करता करता ते उतारावरच्या वस्तीत पोचले. वर पाण्याची टाकी, खाली बसचा रस्ता, आणि मध्ये जुन्या-नव्या इमारती मिळेल त्या जागेत उभ्या. साहेबांनी उताराच्या मध्यावर असलेल्या मोठ्या कचराडब्याचं झाकण उचललं, तोच वरून आवाज आला.

"ओला की सुका?"

साहेबांनी वर बघितलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक वयस्क बाई उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली असली तरी आवाज अजून नोकरीत होता. सगळी वस्ती त्यांना हेडबाई म्हणायची.

"अहो पिशवीवाले, तुम्हालाच विचारतेय! ओला की सुका?"

"मिश्र," साहेब पुटपुटले.

"मिश्र? घरी भाजी आणि चपला एका ताटात वाढून घेता का? उद्यापासून वेगळा करून आणायचा. चला, आजचा दिवस टाका."

कुणाही मानी माणसाला राग आला असता. साहेबांच्या अंगावर आनंदाने काटा आला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना आपणहून विचारलं होतं, रागावलं होतं, आणि उद्याही त्यांची वाट बघणार होतं! घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्यापासून ओला आणि सुका वेगळा." बायको म्हणाली, "इथे खाली तर कुणी विचारत नाही." "तेच ना!" साहेब म्हणाले, आणि तिला काही कळायच्या आत वेगळी पिशवी शोधायला लागले.

रंगाचा पट्टा आठवडाभर बघायचा असतो, म्हणून साहेब या वस्तीत रोज जाऊ लागले. हळूहळू ओळखी झाल्या. डब्याला लागूनच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर कॅप्टनचं घर होतं. कॅप्टन मालवाहू जहाजावर आचारी होते, पण जमिनीवर उतरल्यावर वस्तीने त्यांना बढती दिली होती. त्यांनी साहेबांना चहाला बोलावलं. "कुठल्या इमारतीत?" त्यांनी विचारलं, तेव्हा साहेबांनी टाकीच्या दिशेने मोघम हात हलवला. टाकीपाशी राहणाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी तोच हात बसच्या रस्त्याकडे हलवला. त्यामुळे वरच्यांना वाटायचं हे खालचे आणि खालच्यांना वाटायचं हे वरचे. कॅप्टनच्या घरचा पंखा कुरकुरायचा, तो साहेबांनी तेल घालून गप्प केला. हेडबाईंच्या गॅलरीला कुठला रंग द्यावा यावर एक सकाळ गेली. साहेब घरी परतताना शीळ घालत. वस्ती पसंत होती. आता तिथे एखादी रिकामी जागा आहे का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. पण रोज भेटणाऱ्या माणसांना, आपण इथे राहतच नाही, हे सांगायचं कसं? रोज उद्यावर ढकलता ढकलता महिना संपत आला.

मध्ये आणखी एक अडचण उभी राहिली, ती म्हणजे कचऱ्याची. दोन माणसांच्या घरात वेगळा करून रोज नेण्याइतका कचरा कुठून येणार? रिकामी पिशवी घेऊन हेडबाईंपुढून जाण्याची छाती साहेबांना नव्हती. मग ते कारखान्यातून भर घालू लागले. रंगाचे पट्टे ओढून वाळवलेली जुनी कार्डं तिथे पोत्यांनी पडलेली असत. ती फाडून आणली की सुक्याची पिशवी कशी भरगच्च दिसे!

इथेच साहेबांचं नशीब फिरलं. वस्तीचा डबा ओसंडायला लागला. खरं कारण असं की कचऱ्याची गाडी पूर्वी रोज यायची ती आता मनात येईल तेव्हा यायची. पण वॉर्ड ऑफिसला हे पटवणं सोपं नव्हतं. नव्या डब्याचा अर्ज घेऊन वस्तीतली मंडळी निघाली, आणि "ऑफिसच्या कामातलं तुम्हाला कळतं" म्हणून साहेबांनाही पुढे घातलं.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला नाही, नुसता उलटा करून बघितला. "रहिवासी किती आणि डबा केवढा याचं प्रमाण ठरलेलं आहे," तो म्हणाला. "त्या प्रमाणात तुम्हाला एक डबा पुरतो."

"पण पुरत नाही हो," हेडबाई म्हणाल्या.

"पुरत नसेल तर एक तर तुम्ही जास्त खाता, नाहीतर बाहेरचं कुणी येऊन टाकतं. जास्त खात असाल तर त्याची आमच्याकडे तरतूद नाही. बाहेरचा कुणी टाकत असेल तर त्याला पकडून आणा. मग दंडही होईल आणि डब्याचंही बघू." एवढं बोलून त्याने साहेबांकडे मान वळवली. "आपण तिथलेच का? राहण्याचा पुरावा?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते तोंड उघडायच्या आत सगळी वस्ती कारकुनावर तुटून पडली. "पुरावा काय मागता? रोज सकाळी दिसतात हे आम्हाला! वस्तीत शिस्तीने कचरा टाकणारा असेल तर हा एकच माणूस आहे!" हेडबाईंनी तर सरळ खिडकीच्या आत बोट घातलं. "मी रोज गॅलरीतून यांची पिशवी बघते. आणखी काय पुरावा हवाय?" साहेबांना इतकं भरून आलं आणि इतकी लाज वाटली की त्यांनी शेजारच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीचा रंग अतिशय निकृष्ट होता. त्यांच्याच कारखान्याचा होता.

परतताना बाहेरच्या चोराला पकडायला समिती नेमण्यात आली. अध्यक्ष हेडबाई. चिटणीस कोण, ते तुम्ही ओळखलं असेलच.

म्हणजे आता साहेबांना स्वतःला पकडायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते पहाऱ्यावर असल्यामुळे पिशवी आणायचा प्रश्नच नव्हता. ते आणि कॅप्टन सकाळभर खिडकीआड बसून राहिले. योगायोगाने त्याच सकाळी गाडी येऊन गेली आणि डबा स्वच्छ राहिला. "बघा! तुमच्या नुसत्या धाकाने आला नाही तो!" कॅप्टनने पाठीवर थाप मारली. साहेबांनी ती थाप कशी सोसली ते त्यांचं त्यांना ठाऊक. आज काय वाटेल ते झालं तरी कॅप्टनला सगळं सांगून टाकायचं आणि जागेचंही विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पण तेवढ्यात हेडबाई वर आल्या. त्यांच्यामागून समितीचे बाकीचेही आले. पुरावा सापडला होता.

सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि कॅप्टनच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसले. हेडबाईंनी जुन्या वर्तमानपत्रावर कार्डाचे रंगीत तुकडे पसरले. डब्याच्या तळाशी चिकटून राहिलेले त्यांनी चिमट्याने काढले होते.

"हा कचरा आपल्या वस्तीतला नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे अशी वस्तू कुणाकडेच नाही, मी विचारून आले. ज्याची ही, तो आपला चोर. आता बघू, हे आहे तरी काय? हा एक निळा तुकडा."

"हिरवा आहे," कॅप्टन म्हणाले.

"निळा आहे. मला रंग कळत नाहीत का?"

"मी समुद्र बघितलाय, बाई. हिरवा आहे."

साहेब टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसले होते. गप्प राहायचं, फक्त गप्प राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आयुष्यात याहून सोपं काम कुणावर आलं नसेल. पण समोर आपल्या हाताने ओढलेला पट्टा, आठवडाभर तीन प्रकारच्या उजेडात तपासलेला, आणि त्याला एक निळा म्हणतोय, एक हिरवा म्हणतोय! त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"निळाही नाही आणि हिरवाही नाही!" ते ताडकन उठले. "मोरपंखी आहे! मोरपंखीची तिसरी छटा! उजेडाकडे धरा ना जरा! तुम्ही उलटा धरलाय, हा मागच्या बाजूने बघायचाच नसतो! याला दुसरा हात द्यायच्या आधी मी स्वतः पूर्ण दिवस वाळवत ठेवला होता!"

तेल घातलेला पंखासुद्धा आवाज करीना.

"तुम्ही," हेडबाई हळू आवाजात म्हणाल्या, "स्वतः वाळवत ठेवला होता?"

साहेबांनी एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग ते दाराकडेच गेले. जिना उतरले, उतार उतरले, समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढले. बस सुटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चपला कॅप्टनच्या दाराशीच राहिल्या. रोजचाच कंडक्टर होता. त्याने साहेबांच्या रिकाम्या हातांकडे आणि मग अनवाणी पायांकडे बघितलं.

"आज चपलाच टाकून आलात?" त्याने विचारलं. साहेबांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

दोन दिवस ते कुठे गेले नाहीत. कारखान्यात बरं नाही म्हणून कळवलं. बायकोचं पाय दुखतोय का, पोट दुखतंय का, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "एक वस्ती होती. अगदी तू म्हणालीस तशी. पण ती गेली हातची." कशी गेली ते सांगायची त्यांना लाज वाटली. पिशव्या दाराशी तशाच साचत होत्या, ओली वेगळी, सुकी वेगळी. खालच्या डब्यात नेऊन टाकायची इच्छाच होत नव्हती. बायकोने कपाटातून बॅग काढली. तिने कपडे भरायला सुरुवात केली तेव्हा साहेबांना वाटलं, हिला थांबवायला हवं. पण काय सांगून थांबवणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे गाडी घेऊन आले. "दाजी, मी म्हटलं होतं, बसस्टॉप बघा," ते म्हणाले. बायको बॅगेची चेन ओढत होती आणि ती एका बाजूला अडकत होती. साहेबांना ती नेमकी कुठे अडकते ते माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

तिघेही दाराकडे बघत राहिले. त्या घरात बेल कधीतरी वाजायची, कुरिअरवाल्याची. दार वाजलं नव्हतं, आणि असं तर नव्हतंच. आता ते दोन्ही हातांनी वाजत होतं.

बायकोने दार उघडलं. दारात हेडबाई होत्या, धापा टाकत. मागे कॅप्टन, हातात चपला. त्यांच्या मागे समितीतले आणखी दोघे, आणि जिन्यावरून बसचा कंडक्टर डोकावत होता.

"हे आहेत का घरात?" हेडबाईंनी विचारलं. "बरे आहेत ना?"

"तुम्ही कोण?" बायकोने विचारलं.

"मी कोण ते राहू द्या. दोन दिवस दिसले नाहीत हे. म्हटलं पडले-बिडले की काय! अनवाणी गेले होते हो, भर उन्हात!" मग त्यांची नजर साहेबांवर पडली आणि आवाज एकदम चढला. "काय हो? ही काय रीत झाली? पळून जायचं म्हणजे काय? चुकलात तर उभं राहून बोलणी खायची, तिथे आम्ही काय खाणार होतो तुम्हाला? वरच्यांना विचारलं तर म्हणतात खालचे, खालच्यांना विचारलं तर म्हणतात वरचे. सगळ्या इमारती पालथ्या घातल्या आम्ही! शेवटी या कंडक्टरला धरलं."

"मी सांगितलं, बसमधून कचरा घेऊन येणारा एकच माणूस आहे," कंडक्टर जिन्यावरून म्हणाला. "स्टॉपवर उतरून विचारलं, कचरेवाले साहेब कुठे राहतात? पहिल्याच माणसाने बोट दाखवलं."

आपलं नाव ज्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही तिथे आपली ही कीर्ती आहे, हे ऐकून साहेबांचा चेहरा मोरपंखीच्या कुठल्याशा छटेचा झाला. "मी तिथे राहत नाही," ते कसंबसं म्हणाले. "मी फक्त वस्ती बघायला येत होतो. बाहेरचा तो मीच. दंड भरतो."

"ते कळलं आम्हाला," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी चपला साहेबांच्या पायांपुढे ठेवल्या. "पण बाहेरचा तर बाहेरचा, राहायला यायचं होतं तर विचारायचं नाही का? माझ्या डोक्यावरचीच जागा रिकामी पडलीय. नळ गळतो, आधीच सांगतो."

बायको एवढा वेळ दाराला धरून उभी होती. "एक विचारू?" ती हेडबाईंना म्हणाली. "दोन दिवस दिसले नाहीत, म्हणून तुम्ही एवढ्या लांब बस करून आलात?"

"मग काय करायचं?" हेडबाईंना प्रश्नच कळला नाही. "पाणी दे गं आधी, घसा सुकलाय."

बायको पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. साहेब तिच्यामागे गेले. ती ओट्यापाशी उभी होती आणि भांडं कधीच भरून वाहत होतं. "अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "हे सगळं तुम्ही आपला कचरा वाहून मिळवलंत?" साहेबांनी मान हलवली. "वेगळा करून," ते म्हणाले.

बाहेर हेडबाईंची नजर दाराशी साचलेल्या पिशव्यांवर गेलीच होती. "हे काय? टाकलं नाहीत?"

"कुठे टाकणार?" साहेब म्हणाले.

हेडबाईंनी एकेक पिशवी वाकून पाहिली. ओल्यात ओलं, सुक्यात सुकं. त्यांनी समाधानाने मान हलवली, अगदी साहेब चांगल्या पट्ट्यापुढे हलवतात तशी. मग बायकोने एक पिशवी उचलली, साहेबांनी दुसरी, आणि कपड्यांची भरलेली बॅग बायकोने मेहुण्यांच्या हातात दिली.

"गाडी काढ," ती भावाला म्हणाली. "आधी नळ बघून येऊ."

सगळे जिना उतरायला लागले, एवढ्यात समोरचं दार उघडलं. समोरचे गृहस्थ इतकी माणसं बघून उंबऱ्यातच थबकले. त्यांनी पिशव्यांकडे बघितलं, सवयीने पाय उचलला, आणि पिशव्या लोकांच्या हातांत आहेत हे पाहून तो परत खाली ठेवला.

"काही झालंय का?" त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"हो," बायको म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे आलेत."